जेलमधून निघालेल्या पत्राची पोच कोण देणार?

बसस्टँडसमोर चहा पिताना जेलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "कैद्याला कसला आलाय अधिकार भाऊ? बसून खायला मिळतंय, अजून काय पाहिजे त्याला?" बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यातल्या कोणाच्या घरी चोरी झालेली असते, कोणाच्या शेतातली मोटार कोणीतरी उचलून नेलेली असते. राग खराच असतो. तरी या विषयावर आज जरा लांब लिहितो आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सुरुवातीलाच एक आकडा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा अहवाल सांगतो की देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजारांच्या वर माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. आपण ज्याला "गुन्हेगार" म्हणून मोकळे होतो, तो कायद्याच्या भाषेत अजून फक्त आरोपी आहे. जागेच्या हिशोबाने बघितलं तर जिथे शंभर माणसं ठेवायची तिथे देशभराच्या सरासरीने एकशे एकतीस ठेवलेली होती. ही सरासरी झाली, काही जिल्हा जेलमध्ये परिस्थिती याच्या कितीतरी पुढे आहे. आपल्याकडचा आरोपी आधी जळगावला जातो आणि शिक्षा लागली की नाशिकरोड नाहीतर हर्सूल. घरच्यांची मुलाखतीसाठी सकाळची एसटी, आधारकार्डाची झेरॉक्स आणि एक बुडालेली मजुरी हे ठरलेलं.

आता समजा, आत असलेल्या माणसाला मारहाण झाली. किंवा दुखतंय, ताप आहे, पण डॉक्टरकडे नेत नाहीत. किंवा अर्ज करूनही फर्लो मिळत नाही आणि नाकारण्याचं कारणही सांगत नाहीत. घरी पैसा नाही, वकील लावायची ऐपत नाही. त्याने काय करायचं?

कायद्याचं उत्तर आपल्याला वाटतं त्याहून सोपं आहे. त्याने कागद घ्यायचा, आपल्या भाषेत लिहायचं आणि न्यायाधीशाला पाठवायचं. वकील, कोर्ट फी, इंग्रजी यातलं काहीच लागत नाही. हा हक्क सरकारने उदार होऊन दिलेला नाही. तो कैद्यांनीच, आणि त्यांच्यासाठी पत्र लिहिणाऱ्या काही माणसांनी, भांडून मिळवलेला आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, म्हणून तो इतिहास थोडा सांगतो.

१९६५ सालची गोष्ट. मुंबईचे कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी मराठीत विज्ञानावर एक पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायची परवानगी मागितली तर सरकार नाही म्हणालं. जेल सुपरिंटेंडेंटही नाही म्हणाले. पुस्तक अणूवर, त्यात राजकारण कुठून येणार? पण सरकारी "नाही"ला कारण लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि राज्य सरकार त्या पुस्तकाच्या विरोधात थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही हरलं. न्यायालयाचं म्हणणं असं की, माणूस आत ठेवला म्हणून त्याचे सगळे हक्क आपोआप गायब होत नाहीत. जे नियमात लिहिलेलं नाही ते बंधन त्याच्यावर लादता येत नाही. (आपल्या धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ती वही कोणी अडवून ठेवली असती तर? 'गीता प्रवचने' आज घराघरात आहे, ते पुस्तक कुठल्या इमारतीत तयार झालं हे मात्र आपण विसरतो.)

पुढे १९७४ मध्ये आंध्रातल्या नक्षलवादी कैद्यांच्या एका खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूडांनी साफ लिहिलं की शिक्षा झाली म्हणून माणूस सगळ्या मूलभूत हक्कांना मुकत नाही.

मग आलं ते पत्र. दिल्लीच्या तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेला सुनील बत्रा नावाचा कैदी. त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि तेही स्वतःसाठी नाही. दुसऱ्या एका कैद्याचा एका मुख्य वॉर्डरने अमानुष छळ केला होता आणि कारण होतं भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळणं. ज्याच्या स्वतःच्या गळ्यात दोर आहे, तो शेजारच्यासाठी लिहितो. न्यायालयाने ते पत्र हीच याचिका मानली. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायालयाचे मदतनीस म्हणून नेमलं आणि जेलमध्ये जाऊन बघायला सांगितलं. डिसेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यात जिल्हा न्यायाधीशांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जेलला भेटी द्याव्यात, कैद्यांशी एकटं बोलावं, आणि जेलमध्ये तक्रारपेट्या असाव्यात असं स्पष्ट सांगितलं आहे. तक्रारपेटी हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला झाला. हे गृहस्थ सौराष्ट्र विद्यापीठात रीडर. कर्नाटक विद्यापीठाचा खोटा शिक्का बनवून घ्यायचा प्रयत्न केला आणि पकडले गेले. उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात अपील करायला चार वर्षांच्या वर उशीर झाला, कारण त्यांचं म्हणणं होतं की निकालाची प्रत मला मिळालीच नाही. येरवडा जेल म्हणालं, दिली होती. पण दिल्याची सही कुठे आहे? ती नव्हती. न्यायालयाने होस्कोटांचा अर्ज फेटाळला, गडी दोषीच होता. पण त्याच निकालात कायमचा नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला फुकट मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर न्यायालयाने तो द्यायला हवा. खोटा शिक्का बनवणारा माणूस स्वतः हरला आणि त्याच्यामुळे देशातल्या सगळ्या गरीब कैद्यांना एक खरा कागद मिळाला.

आणि आमच्या धंद्यातल्या माणसाने सांगितल्याशिवाय राहू नये अशी गोष्ट शीला बारसे यांची. १९८२ च्या मे महिन्यात या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती जेलमध्ये परवानगी काढून १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं. बातमी छापून विषय संपवता आला असता. बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना जेलमध्ये पाठवून अहवाल मागवला. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. भगवतींनी जे आदेश दिले, ते आज आपल्याला साधे वाटतात: महिलांसाठी वेगळे लॉकअप, तिथे महिला पोलीस, अटक झाली की लगेच विधी सहाय्य समितीला कळवायचं, नातेवाइकाला कळवायचं, आणि आरोपी समोर आला की मॅजिस्ट्रेटने विचारायचं, "पोलिसांनी मारहाण केली का? काही तक्रार आहे का?" हा प्रश्न आज कोणत्याही कोर्टात रिमांडच्या वेळी विचारला जातो (किंवा विचारल्याचं लिहिलं जातं) तो कुठून आला, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. दोन विदेशी महिला कैद्यांना त्यांच्याच वकिलाने फीच्या नावाखाली लुबाडल्याची. म्हणजे वकील नसणं वाईट, आणि कधीकधी असणंही.

इथवर वाचून वाटेल, चला, सगळं छान आहे, कायदा झाला, निकाल झाले. आता अडचण सांगतो.

मागे एक म्हातारी आई माझ्याकडे आली होती. तालुक्यातलीच. हातात घडी पडलेला कागद. "भाऊ, मन्हा पोऱ्यानी चिठ्ठी उनी शे, तेवढी वाची दाखाड." मी वाचून दाखवली. कोणतं जेल ते मुद्दाम लिहीत नाही, पोरगा अजून आतच आहे. पत्रात तब्येतीचं, आईच्या औषधाचं, भावाच्या लग्नाचं विचारलेलं. शेवटी दोन ओळी: साहेबांना अर्ज दिला आहे, कोर्टालाही पाठवा म्हणून दिला आहे, दोन महिने झाले, काही कळलं नाही. मी तिला विचारलं, अर्जाची नक्कल आहे का? नाही. नंबर आहे का? नाही. कोणत्या तारखेला दिला? माहीत नाही. मी दोनचार ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच उत्तर: आवक नंबर सांगा, बघतो.

सगळी मेख इथे आहे. कैद्याचं पत्र न्यायाधीशाला वकील नसताना चालतं, पण ते पत्र जेलच्या गेटमधून बाहेर काढायचं काम कोणाचं? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच कार्यालयाचं. अपिलाचं तसंच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ प्रमाणे कैद्याने अपील जेलच्या अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि त्याने ते न्यायालयाकडे पाठवायचं. नव्या कायद्यातही व्यवस्था तीच आहे. प्रामाणिक अधिकारी असतो तिथे हे बिनबोभाट चालतं, हे मी मान्य करतो. औरंगाबाद खंडपीठात फर्लो आणि पॅरोलच्या कितीतरी याचिका अशाच "जेलमार्फत" आलेल्या असतात. न्यायालय त्यांना विधी सेवा समितीचा वकील देतं आणि निकालही लावतं. म्हणजे वाट आहे. फक्त त्या वाटेचं पहिलं दार एकाच माणसाच्या हातात आहे, आणि ते त्याने उघडलं की नाही याची नोंद कैद्याकडे नसते.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आणि मग बिघडलाही. तिथे कैद्याने वकिलाशिवाय स्वतः दावा लावणं ही मोठी जुनी परंपरा आहे. फ्लोरिडाच्या जेलमधून क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसाने पेन्सिलने अर्ज लिहिला आणि १९६३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे असा निकाल दिला. १९७२ मध्ये ठरलं की कैद्याने स्वतः लिहिलेला दावा वकिलाच्या कसोटीवर तपासायचा नाही, भाषा मोडकी असली तरी मतलब बघायचा. आणि १९८८ मध्ये माझ्या मते सगळ्यात कामाचा नियम आला: वकील नसलेल्या कैद्याने अपिलाचा कागद जेल कर्मचाऱ्याच्या हातात दिला, त्या क्षणी तो न्यायालयात दाखल झाला असं मानायचं. पुढे तो कागद टेबलावर पडून राहिला तर ती चूक कैद्याची नाही.

बिघडलं ते १९९६ मध्ये. कैदी फालतू दावे लावतात अशी हाकाटी झाली. एक किस्सा फार गाजवला गेला: म्हणे एका कैद्याने दाणेदार पीनट बटर मिळालं, मऊ नाही मिळालं म्हणून सरकारवर दावा लावला! सगळे हसले. नंतर जॉन न्यूमन नावाच्या न्यायाधीशांनी ती फाइलच काढून बघितली. त्या कैद्याने चुकीचा आलेला डबा परत केला होता, पण त्याच्या खात्यातून कापलेले अडीच डॉलर परत आलेच नव्हते. अडीच डॉलर तुम्हाआम्हाला काही नाही, जेलमध्ये ती मोठी रक्कम असते. पण कायदा झालाच. गरीब असला तरी फी हप्त्याहप्त्याने भरायची, आधी जेलकडेच तक्रार करायची, ती त्यांच्या मुदतीत करायची, मुदत हुकली की न्यायालयाचं दार बंद. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीतून असे कायदे निघतात. म्हणून चहाच्या टपरीवरचं "लाड चाललेत कैद्यांचे" हे वाक्य मला साधं वाटत नाही.

आता दुसरी बाजू. खोट्या तक्रारी होतात का? होतात. पैसेवाला गुंड आजारपणाचं नाटक करून दवाखान्यात मुक्काम ठोकतो आणि त्याच वेळी खरा आजारी बराकीत पडून असतो, हे आपण सगळेच बघतो. जेलमध्ये माणसं कमी आहेत, कर्मचाऱ्यांवर ताण आहे, हेही खरं. आणि ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्या घराने आरोपीच्या हक्कांबद्दल काय ऐकायचं? त्या घरासमोर उभं राहून मी हे बोलू शकेन का, असं मला स्वतःलाही वाटतं. पण शिक्षा कोर्ट ठरवतं. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. त्यात मार, उपाशी ठेवणं, औषध न देणं हे कोणत्या निकालपत्रात लिहिलेलं असतं? आणि खोटी तक्रार ओळखायची तर आधी ती कोणीतरी उघडून वाचली पाहिजे ना.

वकील असलेल्यांचं काय होतं तेही बघा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तळोजा जेलमध्ये गौतम नवलखांचा चष्मा चोरीला गेला. घरच्यांनी नवीन पाठवला तर पार्सल परत. उच्च न्यायालयाला "माणुसकी महत्त्वाची" असं सुनवावं लागलं, चष्म्यासाठी! त्याच जेलमध्ये पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या फादर स्टॅन स्वामींना पाणी प्यायला नळी लागलेला कप हवा होता, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि तारखा पडल्या. त्यांची मतं तुम्हाला पटोत न पटोत. देशभर नाव असलेल्या, चांगले वकील असलेल्या माणसांना चष्म्यासाठी आणि कपासाठी कोर्ट गाठावं लागत असेल, तर गिरणाकाठच्या एखाद्या भिल्ल मजुराच्या पोराने काय करायचं?

एक उलटं उदाहरणही आहे. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात फाशी झालेल्या एहतेशाम सिद्दीकी यांनी जेलमधून माहिती अधिकाराचे अर्जांवर अर्ज केले, शिकले, स्वतःच्या केसचे कागद स्वतः जमवत राहिले. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवलेलं नाही. पुढे काय व्हायचं ते होईल. पण एवढी चिकाटी आणि एवढं लिहितावाचता येणं प्रत्येकाला कुठून येणार?

ज्यांच्या घरचं कोणी आत आहे त्यांच्यासाठी आता कामाचं सांगतो, हे जपून ठेवा. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळतो. जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. दुसरं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष झालं की हक्क तयार. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि अनेक केसेस चालू असतील तर अडचण येते. पण यासाठी कोर्टात अर्ज करायची जबाबदारी जेल सुपरिंटेंडेंटवर आहे, कैद्यावर नाही. हे कलम जुन्या केसेसनाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं, आणि ते ज्या प्रकरणात सांगितलं तेही २०१३ साली माजी सरन्यायाधीश लाहोटींनी लिहिलेल्या एका पत्रातूनच सुरू झालेलं आहे. तिसरं, मुलाखतीला गेलात की पोराला सांगा, प्रत्येक अर्जाची तारीख लक्षात ठेव आणि मुलाखतीत मला सांग. घरी एका वहीत लिहून ठेवा. आवक नंबर मिळाला तर उत्तमच.

माझी मागणी फार मोठी नाही. कैद्याने दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच त्याच्या हातात मिळावी, जशी तहसीलला तुम्हाआम्हाला मिळते. आणि १९७९ मध्ये सांगितलेल्या त्या तक्रारपेटीची किल्ली जेलच्या कोणाकडेही नसावी, ती न्यायाधीशांकडे असावी, आणि वर्षात पेटी किती वेळा उघडली, किती कागद निघाले हे बाहेर नोटीस बोर्डवर लागावं. याला निधी लागत नाही. एक वही, एक शिक्का, एक कुलूप.

भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या तरुण वकील मित्रांनाही एक विनंती. महिन्यातून एक दिवस जळगावच्या जेलमध्ये विधी सेवा प्राधिकरणामार्फत जाता येईल का, हे बघा. तुमच्यापैकी तिघांशी बोललो, दोघे तयार आहेत. तिसरा म्हणाला, "दादा, तिथे गेलो तर लोक म्हणतील चोरांचा वकील." त्याला मी शीला बारसेंचा निकाल व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे.

तक्रारपेटी आहे का, किल्ली कोणाकडे आहे आणि गेल्या तीन वर्षांत तिच्यातून किती पत्रं निघाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी पोस्टाने टाकतो आहे. तीस दिवसांची मुदत असते. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकतो.